खारं पाणी, मूग आणि मुळांवरच्या गाठी : थारमधल्या एका ढाणीवरच्या नोंदी (2024)

जोधपूरच्या दक्षिणेला, लुणी नदीच्या खोऱ्यात एका शेतकरी कुटुंबाच्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, केलेलं हे काम. प्रश्न साधा होता. ट्यूबवेलच्या खाऱ्या पाण्यावर घेतलेल्या उन्हाळी मुगाच्या मुळांवर गाठी जवळजवळ दिसत नाहीत, पावसाळी मुगावर दिसतात. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. मग असं का? हेच कुणी आपल्या शेतात तपासायला घेणार असेल, तर काय बिघडतं आणि किती पैसे लागतात हे आधी कळावं, म्हणून तारखेनिशी लिहून ठेवते आहे.

6 फेब्रुवारी

पहिलं काम पाणी मोजण्याचं. ट्यूबवेलच्या तोंडाशी ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा, मीठ जास्त तर आकडा जास्त) धरला तर 7.3 दाखवला. तेच पाणी बाटलीत घरी आणलं, रात्रभर ठेवलं, सकाळी 5.8. मीटर खराब आहे असं वाटून दुसरा मागवायच्या बेतात होते. खरं कारण पाण्याचं तापमान. काळ्या पाइपातून उन्हात तापून आलेलं पाणी 38 अंशांवर होतं, आणि विद्युतवाहकता दर अंशाला साधारण 2 टक्क्यांनी वाढते. माझ्या स्वस्त मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती नाही. त्यामुळे यापुढचं प्रत्येक मोजमाप पाणी 25 अंशांच्या आसपास आल्यावरच. ही काळजी घेतली नाही तर दोन विहिरींची तुलनाच खोटी ठरते.

दुसरी गोष्ट : मीटर 1.413 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवला तरी वरच्या टोकाला चुकतो. 12.88 चं द्रावणही घ्या. दोन्ही मिळून 700 रुपये लागले, पण त्याशिवाय पुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नव्हता.

प्रयोगशाळेचा अहवाल आला : ईसी 5.8 डेसिसायमन प्रति मीटर, पीएच 8.1, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते) 12. मिठांमध्ये सोडियम आणि क्लोराइड जास्त, कॅल्शियम कमी. पावसाचं पाणी साठवलेल्या टांक्यातलं ईसी 0.3.

माझं गाव सांगलीकडचं. तिथली क्षारपड जमीन अती पाण्याने आणि निचरा नसल्याने बिघडली, खालचं पाणी वर चढलं आणि जमिनीला मीठ फुटलं. इथे निचऱ्याला अडचण नाही, माती रेताड आहे. मीठ पाण्याबरोबरच शेतात येतं. त्यामुळे तिकडचे उपाय इकडे उचलून आणण्यात अर्थ नाही, हे स्वतःला आधीच बजावलं.

15 फेब्रुवारी

बाजारातून मुगाच्या रायझोबियमचं, म्हणजे गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट आणलं होतं. वापरण्याआधी त्यात जीव किती आहे ते पाहिलं. यीस्ट, मॅनिटॉल आणि आगर यांचं माध्यम (जिवाणू वाढवायची जेली), त्यात कांगो रेड रंग, हे ताटल्यांत ओतून. रायझोबियम हा रंग फारसा शोषत नाही, त्याच्या वसाहती पांढरट, पाणीदार दिसतात. इतर बरेच जिवाणू लाल होतात. निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर पुरतो, 15 पौंड दाब आणि 20 मिनिटं.

पाकिटावर तारीख ठीक होती. ताटल्यांत बुरशी आली, लाल वसाहती आल्या, पांढऱ्या जवळपास नाहीतच. सरकारी निकषानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात. ते पाकीट पत्र्याच्या छपराखाली किती महिने पडलं होतं कोण जाणे. 40 अंशांपुढच्या उष्णतेत हे जिवाणू टिकत नाहीत. असं पाकीट पेरणीत वापरलं असतं तर गाठी न येण्याचा दोष मी खाऱ्या पाण्याला दिला असता आणि सगळा प्रयोग वाया गेला असता. ज्याला पुढे काही करायचं आहे त्याने ही तपासणी टाळू नये. जोधपूरच्या एका प्रयोगशाळेतून ताजं संवर्धक, म्हणजे जिवंत रायझोबियम, आणलं, ते चांगलं निघालं.

ताटल्यांचा त्रास वेगळाच. इथली हवा इतकी कोरडी की आगर तिसऱ्या दिवशी कडा सोडून आक्रसतं. मुगाचं नेहमीचं ब्रॅडीरायझोबियम, रायझोबियमचाच भाऊबंद, सावकाश वाढतं, त्याला आठवडा लागतो. उपाय सापडला तो असा : प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात ओला कापूस, त्यात ताटल्या उलट्या ठेवायच्या. आणि ओतण्याचं काम पहाटेच, वारा सुटायच्या आत. दुपारी धुळीने निम्म्या ताटल्या घाण होत होत्या.

19 फेब्रुवारी

बांधावर उन्हाळी नावाची रानवनस्पती, म्हणजे शरपुंखा, उगवलेली आहे. खाऱ्या पाटाच्या कडेलाही ती मजेत उभी असते. तिच्या मुळांवरच्या गाठींतून जिवाणू वेगळे करायचे ठरवलं. थारमधल्या जंगली शेंगवर्गीय वनस्पतींच्या गाठींत एन्सिफर गटातले, जलद वाढणारे जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळतात, हे जोधपूरच्या जयनारायण व्यास विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलेलं आहे.

झाड उपटायचं नाही. उपटलं की गाठी मातीतच राहतात. आदल्या संध्याकाळी पाणी टाकून, फावड्याने ढेकळासकट उचलून, बादलीत बुडवून माती आपोआप सुटू द्यायची. गाठी 10 सेकंद स्पिरिटमध्ये, मग तीन-चार मिनिटं सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, मग निर्जंतुक पाण्यात पाच-सहा धुण्या. पुस्तकांत मर्क्युरिक क्लोराइड सांगतात. ते विष आहे, घरात पोरंबाळं वावरतात, म्हणून आणलंच नाही.

एक वसाहत तीन दिवसांत वाढली, चिकट आणि बुळबुळीत. तिला उ-3 हे नाव दिलं. चिकटपणा म्हणजे पेशीबाहेर सोडलेली बहुशर्करा. ती पाणी धरून ठेवते आणि थोडं सोडियमही अडकवते, म्हणून खाऱ्या जागी अशा वसाहतींकडे मी आधी बघते.

24 फेब्रुवारी

काकोसांनी, म्हणजे ढाणीतल्या थोरल्यांनी, विचारलं, "बाईसा, हमारे पानी में तेरा जीव जिएगा भी?" हा प्रश्न पेरणीच्या आधी सोडवायलाच हवा होता.

तीन बाटल्या घेतल्या. टांक्याचं पाणी, निम्मं-निम्मं मिसळलेलं पाणी आणि निव्वळ ट्यूबवेलचं पाणी, तिन्ही निर्जंतुक करून. तिन्हींत तेवढंच संवर्धक कालवलं. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी ताटल्यांवर पेरलं. ट्यूबवेलच्या पाण्यातही मोजणी फारशी खाली आली नाही. उ-3 वर तर काहीच परिणाम नाही.

याच्या उलट, गुळाच्या पाण्यात संवर्धक कालवून बियाण्याला चोळलं आणि तेच बियाणं दुपारी दोन तास उन्हात वाळवलं, तेव्हा जिवंत वसाहती जवळजवळ संपल्या. सावलीत वाळवलेल्या बियाण्यावर त्या टिकल्या. म्हणजे बीजप्रक्रियेत गूळ खाऱ्या पाण्यात विरघळवला तर मोठं नुकसान नाही, बियाणं उन्हात पसरलं तर मात्र सगळं गेलं.

जिवाणू खाऱ्या पाण्यात तग धरतो. तो पेशीत पोटॅशियम ओढून घेतो, ट्रेहलोज, बीटेन, प्रोलिन असले पदार्थ साठवतो आणि बाहेरच्या मिठाशी आतला तोल राखतो. मग गाठी का येत नाहीत? आता शोध मुळाकडे वळवायला हवा.

4 मार्च

पेरणी. मूग, जात विराट. कानपूरच्या कडधान्य संशोधन संस्थेची ही जात दोन महिन्यांच्या आत तयार होते, म्हणून उन्हाळ्याला बरी. माती याच शेताची, रेताड, सेंद्रिय कर्ब नावापुरता. पाण्याचे पाच प्रकार ठरवले :

गोडं : टांक्याचं, शेवटपर्यंत.
निमखारं : निम्मं-निम्मं, ईसी 3 च्या आसपास, शेवटपर्यंत.
खारं : ट्यूबवेलचं, 5.8, शेवटपर्यंत.
आधी गोडं : पहिला पंधरवडा टांक्याचं, मग निमखारं.
आधी निमखारं : पहिला पंधरवडा निमखारं, मग टांक्याचं.

शेवटचे दोन प्रकार हेच या कामाचं मर्म. मीठ पिकाला सगळ्या आयुष्यभर सारखंच बाधतं की कुठल्या एका काळात जास्त, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही. प्रत्येक प्रकारात संवर्धक लावलेलं, उ-3 लावलेलं आणि काहीच न लावलेलं बियाणं. काही न लावलेल्या कुंड्या ठेवायलाच हव्यात, कारण मातीत मुळातच रायझोबियम असतात आणि त्यांच्याही गाठी येतात.

टांक्याचं पाणी घरच्यांच्या पिण्याचं आहे. ते मी प्रयोगाला नेणं योग्य नव्हतं, म्हणून गोड्या पाण्याचा टँकर मागवला आणि मोजून पाहिलं, ईसी 0.4. चालेल.

13 मार्च

याआधी जोधपूरच्या घरी दुकानातलं मीठ विरघळवून खारं पाणी बनवून एक संच सुरू केला होता. तो आज मोडला. त्यातल्या रोपांच्या मुळांची टोकं तपकिरी पडली होती, आणि इथे ढाणीवर त्याच ईसीच्या विहिरीच्या पाण्यात मुळं त्यापेक्षा बरी आहेत. निव्वळ सोडियम क्लोराइडच्या पाण्यात कॅल्शियम नसतं. मुळाच्या पेशींना सोडियम आत येण्यापासून सावरायला आणि जिवाणूला मुळाला चिकटायलाही कॅल्शियम लागतं. विहिरीच्या पाण्यात ते कमी असलं तरी आहे. घरी मीठ टाकून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष शेताला लागू होत नाहीत ते यामुळे. ज्या विहिरीचा प्रश्न, तिचंच पाणी वापरा. जवळपास महिना त्या संचात गेला.

20 मार्च

काळ्या ग्रो बॅगा ही वाईट निवड होती. दुपारी तीनला बॅगेतल्या मातीत थर्मामीटर खुपसला तर कडेला 41 अंश. मुगाच्या गाठी धरण्याला 35 च्या पुढे अडचण येऊ लागते. मीठ आणि ताप या दोन्हींची सरमिसळ झाली असती. सगळ्या बॅगा काठापर्यंत जमिनीत पुरल्या, वर ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 33. पहिल्या पंधरवड्यातला ताप सगळ्या प्रकारांना सारखाच लागला होता, त्यामुळे तुलना शाबूत आहे, पण एकंदर गाठी कमी येणार हे गृहीत धरते.

27 मार्च

पहिली खोदणी. प्रत्येक प्रकारातली काही रोपं ढेकळासकट काढली. संवर्धक लावलेल्या रोपांवर दर झाडाच्या सरासरी गाठी : गोड्यावर 14, निमखाऱ्यावर 4, खाऱ्यावर बहुतेक झाडांवर एकही नाही. आधी गोडं मग निमखारं, 12. आधी निमखारं मग गोडं, 5, आणि त्याही सगळ्या बाजूच्या बारीक मुळांवर, नुकत्या धरलेल्या.

मला इतका स्पष्ट फरक अपेक्षित नव्हता. निमखारं पाणी पंधरवड्यानंतर मिळालं तर गाठींच्या संख्येला फारसा धक्का नाही. तेच पाणी सुरुवातीला मिळालं तर पुढे गोडं देऊनही मुख्य मूळ रिकामंच राहिलं.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चौथ्या-पाचव्या दिवसाची मुळं पाहिली होती, त्याची टिपणं आता उपयोगी पडली. गोड्या पाण्यातल्या मुळांवर टोकाच्या मागे मूलरोमांची, म्हणजे मुळावरच्या बारीक केसांची, दाट लव होती आणि काही रोमांचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं. या वळणात जिवाणू अडकतो आणि तिथूनच आत शिरायचा धागा तयार होतो. निमखाऱ्यात मूलरोम विरळ, आखूड आणि सरळ. जिवाणू बाहेर जिवंत आहे, पण आत शिरायचं दारच तयार झालेलं नाही. मूळ आधी आपले रासायनिक संकेत सोडतं, जिवाणू त्याला उत्तर देतो, मग रोम वळतो. मिठाने ही देवाणघेवाण मंदावते.

सिंगलटन आणि बोहलूल या संशोधकांनी 1984 मध्ये सोयाबीनवर हेच दाखवलं होतं : गाठ धरण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्या मिठाला सगळ्यांत हळव्या, जिवाणूची वाढ त्यामानाने खूप सोशिक. त्यांच्या प्रयोगात मुळांभोवती 26.6 मिलिमोलर मीठ असताना गाठींची संख्या जवळपास निम्म्यावर आली, आणि ते प्रमाण ईसीच्या भाषेत साधारण 3 च्या आसपास येतं. माझं निमखारं पाणी त्याच पट्टीतलं आहे.

उ-3 च्या रोपांवर निमखाऱ्यात 6, गोड्यावर 11. उन्हाळीच्या मुळातला जिवाणू मुगाला धरतो हे कळलं. निमखाऱ्यात संवर्धकापेक्षा किंचित सरस, गोड्यात मागे. खाऱ्यात त्याचाही निभाव लागला नाही. जिवाणू कितीही मीठ-सोशिक असो, मुळाने दार उघडलं नाही तर तो काही करू शकत नाही. हे मनाशी पक्कं झालं तेव्हा "क्षारप्रतिकारक जिवाणू" असं लिहून विकल्या जाणाऱ्या पाकिटांबद्दल माझं मत बदललं. त्यातला दावा जिवाणूपुरता खरा असू शकेल, झाडापुरता नाही.

2 एप्रिल

निमखाऱ्याची रोपं अचानक कडेने करपू लागली. पाण्याचं ईसी 3 च आहे, मग? बॅगेतल्या मातीचा अर्क काढला तर ईसी 7 च्या पुढे. रोज मोजून, जेमतेम भिजेल इतकंच पाणी देत होते. पाणी उडून जात होतं आणि मीठ आत साठत होतं. म्हणजे झाडं निमखाऱ्यात नव्हतीच, त्याहून दुप्पट खाऱ्यात होती.

आता दर पाळीला गरजेपेक्षा साधारण चौथा हिस्सा जास्त पाणी, खालून निथळेपर्यंत. प्रत्येक प्रकारातली एक बॅग सावलीत जमिनीवर ठेवली आहे, तिच्यातून निथळलेल्या पाण्याचं ईसी मोजता येतं. तीन पाळ्यांत ते 8 वरून 4.5 वर आलं. 27 मार्चच्या आकड्यांवर या साठलेल्या मिठाची थोडी छाया असणार, तशी खूण वहीत केली. मात्र पहिल्या पंधरवड्यात साठा कमी होता, त्यामुळे मूळ निष्कर्ष हलत नाही.

शेतातही हेच घडतं. खारं पाणी जपून, थोडं-थोडं देण्याची इथे सवय आहे, कारण ते कमी तर कमी नुकसान असं वाटतं. नुकसान त्यामुळेच वाढतं.

10 एप्रिल

दुसरी खोदणी, फुलोऱ्यात. आता संख्या कमी महत्त्वाची, गाठ कापल्यावरचा रंग जास्त. आतून गुलाबी-लाल म्हणजे लेगहिमोग्लोबिन आहे आणि नत्र स्थिर होतंय. हिरवट-तपकिरी म्हणजे गाठ म्हातारी झाली.

गोड्यावर 22 गाठी, जवळपास सगळ्या गुलाबी. आधी गोडं मग निमखारं : 17, आकाराने लहान, आणि चारातली एक हिरवट. निमखारं : 7, निम्म्या हिरवट. आधी निमखारं मग गोडं : 11, उशिरा धरलेल्या, पण आतून छान लाल. या शेवटच्या प्रकाराने आशा दिली. दार बंद झालेलं कायमचं बंद नसतं, नवीन बाजूची मुळं फुटली की त्यांवर उशिरा का होईना गाठ धरते. फक्त साठ दिवसांच्या पिकाला तेवढी सवड नसते.

जिप्समचा छोटा संच : निमखाऱ्यात लिटरला एक ग्रॅम जिप्सम विरघळवलं. ईसी उलट वाढलं, तरी गाठी दोन-तीनने जास्त. कॅल्शियममुळे असावं. फरक इतका लहान आहे की यावर कुणी खर्च करू नये असंच सांगेन.

26 एप्रिल

मुळांना चिकटलेल्या मातीतले इतर जिवाणूही मोजले. एकूण वसाहती खाऱ्यात फार कमी नाहीत. बदलली ती वस्ती. गोड्यात विविध रंगाआकाराच्या वसाहती, खाऱ्यात कोरड्या सुरकुतलेल्या, बीजाणू धरणाऱ्या बॅसिलससारख्या वसाहतींचं राज्य. 5 टक्के मीठ घातलेल्या आगरावर खाऱ्या मुळांचे जिवाणू सहज वाढले, गोड्या मुळांचे मोजकेच. ताटलीवर मातीतल्या जिवाणूंचा फार लहान हिस्सा उगवतो, त्यामुळे याहून पुढे काही म्हणत नाही.

8 मे

तोडणी. गोड्याचं आणि आधी-गोड्याचं उत्पन्न यांत फरक आहे, पण सोसण्याइतका. निमखाऱ्यात निम्म्याच्या आसपास. खाऱ्यात शेंगा मोजक्या, दाणे सुरकुतलेले. मूग मुळातच मिठाला नाजूक, मातीच्या अर्काचं ईसी 1.8 पलीकडे गेलं की त्याचं उत्पन्न घटू लागतं. सगळा दोष गाठींचा नाही.

28 मे

काम बंद. 25 तारखेला फलोदीत पारा 50 अंशांवर गेला, इथेही फार कमी नव्हता. वीज जात-येत होती आणि फ्रिजवर भरवसा नव्हता. उ-3 ची एक प्रत जोधपूरला पाठवली, एक ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात. माठातली जगली. फ्रिजमधली जिवाणूंची दुसरी एक जात गेली.

9 जुलै

आता शेतात. पाऊस झाला. मूग आणि गवार, गवारीची जात आरजीसी-936. प्रत्येकाच्या दोन पट्ट्या. एका पट्टीत पावसाची वाट न बघता जूनअखेर ट्यूबवेलच्या पाण्याने ओलवणी करून पेरलं होतं, इथे काहीजण तसं करतात, आठवडाभर आधी पीक उभं राहतं म्हणून. दुसरीत पाऊस पडून वाफसा आल्यावर आज पेरलं.

गवार मुद्दाम घेतली. ती मिठाला चांगलीच सोशिक, मातीच्या अर्काचं ईसी 8.8 पर्यंत तिचं उत्पन्न घटत नाही असं मानतात. म्हणूनच खाऱ्या पाण्यावर लोक गवार लावतात आणि पुढच्या जिऱ्याला तिचं बेवड, म्हणजे तिने जमिनीत मागे ठेवलेला कस, चांगलं लाभतं असं धरून चालतात.

14 ऑगस्ट

खोदणी. मुगाचं उत्तर अपेक्षेप्रमाणे. पावसावर पेरलेल्या पट्टीत मुख्य मुळावर भरपूर गाठी, ओलवणीच्या पट्टीत मुख्य मूळ जवळपास मोकळं, पावसानंतर फुटलेल्या बाजूच्या मुळांवर थोड्या.

गवारीने मात्र बराच वेळ विचारात पाडलं. दोन्ही पट्ट्यांतली गवार वरून सारखीच, हिरवी, जोमदार. काकोसा म्हणाले की दोन्हीत फरक नाही, आणि वरून बघता ते बरोबरच होतं. खाली ओलवणीच्या पट्टीतल्या बहुतेक झाडांवर एक-दोन गाठी, काहींवर एकही नाही. पावसाच्या पट्टीत त्याहून कितीतरी जास्त, कापल्यावर लाल.

म्हणजे झाड मीठ सोसतं, त्याची आणि जिवाणूची भेट मीठ सोसत नाही. मूग निदान पिवळा पडून सांगतो. गवार सांगत नाही. ती जमिनीतलाच नत्र उचलून हिरवी राहते आणि आपण समजतो की तिने जमिनीला काही दिलं. इतक्या गरीब रेताड मातीत ही उचल किती वर्षं चालेल याची मला काळजी वाटते. खाऱ्या पाण्यासाठी पीक निवडताना फक्त झाडाची सोशिकता बघायची पद्धत आहे. गवारीचं एक झाड फावड्याने काढून मूळ बघायला पाच मिनिटं लागतात. ते कुणी करत नाही, आणि मीही याआधी कधी केलं नव्हतं.

17 ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही पट्ट्यांना ट्यूबवेलचं एक भरपूर पाणी दिलं. पिकं महिन्याच्या पुढची आहेत.

31 ऑगस्ट

पुन्हा काही झाडं काढली. आधी धरलेल्या गाठी टिकून आहेत, काही हिरवट. संरक्षित पाण्याची एक पाळी खारी असली तरी चालेल असं आता शेजारच्या ढाणीवाल्यांना सांगितलं आहे. पाऊस नंतर मीठ धुऊन नेतोच.

12 सप्टेंबर

खर्च : ईसी मीटर 2,800, प्रमाणित द्रावणं 700, माध्यमाची रसायनं 3,200, ताटल्या 1,500, ग्रो बॅगा 1,800, गोड्या पाण्याचे टँकर 1,600, माती-पाण्याच्या तपासण्या 1,200. एकूण 12,800 रुपये. निव्वळ आपल्या शेतात गाठी आहेत का हे बघायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही, फावडं, बादली आणि ब्लेड पुरे. मीटर घेतलात तर उत्तमच.

उन्हाळी मुगाला सुरुवातीला गोडं पाणी द्यायचं म्हटलं तर हिशेब असा : एका गुंठ्याला 20 मिलिमीटरच्या दोन हलक्या पाळ्या म्हणजे साधारण 4,000 लिटर. 20,000 लिटरच्या टांक्यात पाचच गुंठे होतात, आणि ते पाणी आधी माणसांचं आणि जनावरांचं. म्हणून हा उपाय मी मोठ्या शेताला सुचवत नाही. बियाण्याच्या तुकड्याला किंवा घरापुरत्या मुगाला चालेल. मोठ्या शेतासाठी खाऱ्या ओलवणीवर शेंगवर्गीय पीक पेरायचं नाही, पाऊस पडेपर्यंत थांबायचं. आठवडा उशीर होईल.

काकोसांना हे पटलं, पण गवारीपुरतं. मुगाला बाजार लवकर हवा म्हणून ते पुढच्या वर्षी निम्मी जमीन ओलवणीवर आणि निम्मी पावसावर पेरणार आहेत. दोन्हीकडची मुळं ते स्वतः काढून बघणार, मी फक्त फोटो मागवणार.

राहिलेलं काम : मटकी, जिला इथे मोठ म्हणतात, तिच्यावर हेच पाच प्रकार. पहिल्या पंधरवड्याऐवजी पहिला आठवडाच गोडं पाणी दिलं तर पुरतं का, हेही बघायचं आहे. पुरलं तर टांक्यात पाचाऐवजी दहा गुंठे बसतील. बॅगा धुऊन ठेवल्या आहेत, या वेळी पेरणीच्या आधीच पुरणार.